कथामालिका लिहिताना: संपादकाचे काम स्वतःच करावे

छापील मासिकाला पाठवलेली कथा निदान एका संपादकाच्या नजरेखालून जाते. ऑनलाइन कथामालिकेचा भाग मात्र लेखकाने कळ दाबताच वाचकासमोर येतो. म्हणूनच नवोदित लेखकाने नव्या कल्पना शोधण्यापेक्षा लिहिलेले तपासण्याला अधिक वेळ द्यावा, असे मला मनापासून वाटते.

पहिला भाग प्रसिद्ध करण्यापूर्वी कथेचा शेवट ठरलेला असावा आणि पुढचे पाच-सहा भाग लिहून हाताशी असावेत. क्रमशः लेखन मराठीला नवे नाही. हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून आपल्या कादंबऱ्या प्रकरणाप्रकरणाने वाचकांना दिल्या. त्यांच्यासारख्या समर्थ लेखकाच्याही काही कादंबऱ्या अपूर्ण राहिल्या. आज तर प्रत्येक भागाखाली प्रतिक्रिया येतात आणि नायिकेचे लग्न अमक्याशीच व्हावे असा आग्रह होतो, तेव्हा शेवट ठरलेला नसेल तर कथानक वाचकांच्या मर्जीने भरकटते. भागाचा शेवट उत्कंठावर्धक हवा हे खरे, पण दर वेळी दारावरची थाप किंवा अनोळखी नंबरवरून आलेला फोन नको. पात्राने घेतलेला एखादा निर्णय वाचकाला अधिक काळ धरून ठेवतो.

सर्वाधिक कष्ट संवादांवर घ्यावेत, कारण मराठीत नात्याचा सारा तोल संबोधनांत आणि सर्वनामांत असतो. सासू नव्या सुनेला “आमच्याकडे असं चालत नाही” म्हणाली तर सून अजून परकी आहे. तीच सासू काही भागांनंतर “आपल्याकडे असं चालत नाही” म्हणाली, तर नियम तोच राहूनही सून घरातली झालेली असते, आणि निवेदकाला ‘आता त्यांचे नाते बदलले होते’ असे सांगावे लागत नाही. चारचौघांत ‘अहो’ म्हणणारी पत्नी एकांतात ‘अरे’ म्हणते का, मुलगा वडिलांना ‘तुम्ही’ म्हणतो की ‘तू’, हे प्रत्येक पात्रासाठी आधीच वहीत लिहून ठेवावे. त्यात बदल झालाच तर तो कथेतल्या कारणाने व्हावा, लेखकाच्या विस्मरणाने नव्हे. ‘तो रागाने म्हणाला’, ‘ती दुःखाने म्हणाली’ अशी क्रियाविशेषणाची जोड वारंवार लागत असेल, तर ते वाक्य पुन्हा लिहावे. राग त्या बोलण्यातच दिसायला हवा.

मालवणी किंवा वऱ्हाडी कानाने ऐकलेली असेल तरच ती पात्राच्या तोंडी घालावी. चार शब्द इकडचे-तिकडचे उचलून केलेली बोली त्या भागातल्या वाचकाला लगेच खटकते. प्रमाणलेखनाचे नियमही येथे आड येत नाहीत, कारण पात्रांचे बोलणे उच्चाराप्रमाणे लिहिण्याची मुभा त्यांत आहे. निवेदनात मात्र ‘असे केले’ आणि ‘असं केलं’ यांची सरमिसळ टाळावी.

भाग लिहून झाल्यावर दोन दिवस बाजूला ठेवावा आणि मग मोठ्याने वाचावा. जिथे श्वास अपुरा पडतो किंवा ‘होता’, ‘होती’ सलग चार वाक्यांच्या शेवटी येते, तिथे खूण करावी. या वाचनात फक्त कथा आणि संवाद पाहावेत. शुद्धलेखन शेवटी तपासावे, कारण पुढे काढून टाकायच्या परिच्छेदातले ऱ्हस्व-दीर्घ सुधारण्यात अर्थ नाही. फोनचा कीबोर्ड सुचवेल तो शब्द डोळे मिटून घेऊ नये. ‘की’च्या जागी ‘कि’, ‘आणि’च्या जागी ‘आणी’, ‘गरिबाला’च्या जागी ‘गरीबाला’ ही नेहमीची घसरण आहे. शेवटचे वाचन फोनच्या पडद्यावरच करावे. संगणकावर आटोपशीर दिसणारा परिच्छेद तिथे संपूर्ण पडदा व्यापतो.

यानंतर दोन-तीन विश्वासू वाचकांना तो भाग द्यावा. त्यांना “आवडला का?” असे विचारल्यास ते “छान आहे” म्हणतील आणि लेखकाच्या हाती काहीच लागणार नाही. त्याऐवजी कोणत्या ओळीवर लक्ष उडाले, कोणते पात्र कोण आहे हे आठवावे लागले, एवढेच विचारावे. दोघांनी एकच जागा दाखवली तर बचाव न करता ती जागा नव्याने लिहावी, आणि दोष त्याआधीच्या प्रसंगात तर नाही ना, हेही पाहावे.