सीडी४ स्टेनिंग: आधी क्लोन बघा, रंग नंतर

फ्लोसाठी (फ्लो सायटोमेट्री, म्हणजे पेशींना चमकत्या रंगाच्या अँटीबॉडी लावून त्या यंत्रात एकेक वाचणं) सीडी४ ची, म्हणजे काही टी पेशींवर असणाऱ्या एका प्रथिनाची, अँटीबॉडी मागवताना बरेच जण आधी कुठला चॅनल (यंत्रात एक रंग वाचायची जागा) रिकामा आहे ते बघतात आणि क्लोनचं, म्हणजे अँटीबॉडीच्या नेमक्या वाणाचं, नाव वाचतच नाहीत. उलट करा. सीडी४ चे पेशीबाहेर चार डोमेन (प्रथिनाचे भाग) असतात, डी१ ते डी४, आणि प्रत्येक क्लोन आपली ठरलेली एकच जागा धरतो. माणसाच्या पेशींसाठी आरपीए-टी४ आणि एसके३ हे डी१ धरतात, पण एचआयव्हीचं जीपी१२० (विषाणूवरचं प्रथिन) पण तिथेच बसतं, म्हणून सॅम्पलमध्ये ते असेल तर ओकेटी४ बरा, तो डी३ ला जातो. मात्र काही लोकांमध्ये ओकेटी४ ची जागा जन्मतःच बदललेली असते, पेशी असतात पण हा क्लोन त्यांना धरत नाही, त्यामुळे एखाद्या डोनरमध्ये सीडी४ शून्य दिसलं तर आधी दुसऱ्या क्लोनने बघा.

उंदरात तर हे फारच महत्त्वाचं. जीके१.५ हा क्लोन टोचून सीडी४ पेशी काढल्या असतील तर त्या गेल्या का हे जीके१.५ किंवा आरएम४-५ ने तपासू नका, जागा आधीच अडलेली असते, उरलेल्या पेशी दिसत नाहीत आणि वाटतं डिप्लीशन (पेशी काढणं) मस्त झालं. तिथे आरएम४-४ वापरा.

मग टायट्रेशन, म्हणजे अँटीबॉडीचा योग्य डोस शोधणं, हे टाळूच नका. दर ट्यूबमध्ये १० लाख पेशी, १०० मायक्रोलिटर व्हॉल्यूम, अँटीबॉडी निम्मी निम्मी करत जा आणि पॉझिटिव्ह-निगेटिव्ह सगळ्यात छान वेगळे दिसतात तो डोस घ्या. जास्त घातली की बॅकग्राउंडच वाढतं. स्टेन करताना डेड सेल डाय (मेलेल्या पेशी ओळखायचा रंग) आधी, साध्या पीबीएसमध्ये (प्रथिन न घातलेलं मिठाचं बफर), मग एफसी ब्लॉक (अँटीबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून), मग अँटीबॉडी ४ डिग्रीला अंधारात २०-३० मिनिटं, दोन वॉश.

गेटिंगला (हव्या त्या पेशी डेटात निवडताना) सीडी३, म्हणजे टी पेशींची खूण, आधी लावा, कारण माणसाच्या मोनोसाइटवरही (दुसऱ्या एका पांढऱ्या पेशीवर) थोडं सीडी४ असतं आणि ते मधल्या धूसर पट्ट्यात येऊन बसतं. आणि पेशी उत्तेजित करायला पीएमए-आयोनोमायसिन ही रसायनं दिली असतील तर टी पेशी सीडी४ आत ओढून घेतात, वरून सिग्नल पडतो, अशा वेळी फिक्स-पर्म (पेशी पक्क्या करून त्यांच्या आवरणाला छिद्रं पाडणं) नंतर आतूनही स्टेन करा, फक्त तुमचा क्लोन फिक्सेशननंतर चालतो का ते आधी एका ट्यूबवर बघून घ्या.