कॉम्प्युटरचे पार्ट घेताना या चुका टाळा (आणि आधी झाकण उघडा)

"काका, रॅम आणली, पण बसंनाच."
"कॅबिनेट उघडून बघितलास काय आधी?"
"नाही. स्लॉट असणारच की हो."

बेळगावच्या शहापुरातल्या माझ्या दुरुस्तीच्या टेबलासमोर हे बोलणं इतक्या वेळा झालंय की आता मी मान वर न करता उत्तर देतो. निम्म्या मशीनना रोग नसतोच. मालकानं व्हिडिओ बघून, झाकण न उघडता पार्ट मागवलेला असतो, एवढंच.

आता रॅमचंच घ्या. डीडीआर-३ आणि डीडीआर-४ या रॅमच्या दोन पिढ्यांच्या पट्ट्या शेजारी ठेवल्या तर जुळ्या बहिणी. पण एकीला २४० पिना, दुसरीला २८८, आणि मधली खाच वेगळ्या जागी. ती खाच मुद्दाम तशी ठेवलीय, चुकीची पट्टी बसू नये म्हणून. तरी एक पठ्ठ्या अंगठ्यानं रेटून स्लॉटची क्लिपच मोडून घेऊन आला होता. माझी सवय साधी आहे. जुन्या पट्टीच्या स्टिकरचा आणि मदरबोर्डवर छापलेल्या नावाचा मोबाईलवर फोटो काढायचा, आणि तो दाखवूनच दुकानात तोंड उघडायचं. "सात-आठ वर्षांपूर्वीचा आहे, काळा कॅबिनेट" यावरून कुणालाच काही कळत नाही.

आणि पावसाळ्यात मशीन नुसतं बीप-बीप करून स्क्रीन काळी ठेवत असेल, तर नवी रॅम घ्यायला पळू नका. जून ते सप्टेंबर आपल्याकडं दोरीवरचा टॉवेल चार दिवस वाळत नाही, मग पिनांवर ओल धरणारच. प्लग काढा, पट्टी काढा, पिनांवरनं खोडरबर हलक्या हातानं फिरवा, पुसून परत बसवा. पाच रुपयांत काम झालं तर मलाही काही मिळत नाही, पण खरं ते सांगतोय.

आता माझं खरं दुखणं, एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा. लोक ग्राफिक्स कार्डाला आठ-दहा हजार मोजतात आणि ज्यावर सगळं मशीन उभं आहे तो डबा मात्र कॅबिनेटबरोबर फुकट आलेलाच ठेवतात. वडगावातलं एक पोरगं सेकंडहँड जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड घेऊन आलं. गेम चालू केला की दोन मिनिटांत मशीन बंद पडून परत सुरू. त्यानं विंडोज दोनदा टाकलं. रॅम बदलली. कार्ड विकणाऱ्याशी भांडून कार्डसुद्धा बदलून आणलं. घरात पॉवरलूम असल्यामुळं वडिलांनी व्होल्टेजवर संशय घेऊन स्टॅबिलायझरही बसवला. एवढं सगळं झाल्यावर स्वारी माझ्याकडं.

मी झाकण काढलं आणि आधी वास आला. कार्डाची ६ पिनांची वायर एसएमपीएसला नव्हतीच, म्हणून स्वस्तातला कनव्हर्टर लावला होता, त्याचं पांढरं प्लॅस्टिक कडेनं चहासारखं तपकिरी झालेलं. डब्यावर ठळक अक्षरात ४५० वॅट. त्या कार्डाला कंपनी ४०० वॅटचा सप्लाय पुरे म्हणते, मग पोराचं काय चुकलं? चुकलं हे, की त्यानं मोठा आकडा वाचला, खालचा तक्ता वाचला नाही. तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर लिहिले होते. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. कार्ड एकटं १२० खातं, प्रोसेसर ६५, आणि दोघंही १२ व्होल्टवरच जगतात. पंखे, हार्डडिस्क धरा, संपलं गणित. तेही स्टिकर खरं बोलतंय असं धरून! डबा हातात घेतला तर कुंद्याच्या (आपल्या बेळगावी मिठाईच्या) रिकाम्या खोक्याएवढा हलका. चांगल्या कंपनीचा सर्टिफिकेटवाला ४५० वॅटचा बसवला, त्या दिवसापासून तक्रार नाही.

यात मीही शहाणा जन्मलो नाही. नवा मॉड्युलर (वायरी सुट्या काढता-लावता येणारा) एसएमपीएस बसवताना आळस केला आणि जुन्या, दुसऱ्या कंपनीच्या वायरी तशाच ठेवल्या. प्लग बसला, म्हणजे जुळला असं वाटलं. हार्डडिस्ककडचं टोक सगळीकडं सारखं असतं, पण एसएमपीएसकडची पिनांची मांडणी कंपनीगणिक वेगळी. बटण दाबलं आणि चट्‌ आवाज आला. बहिणीच्या लग्नाचे फोटो त्या डिस्कवर होते. ती अजून विषय काढते.

अर्थिंगचं तर बोलायलाच नको. "थोडं झिणझिण्या येतात, चप्पल घालून बसतो." अहो, एसएमपीएसच्या फिल्टरमधून झिरपणारा करंट जमिनीत जायला हवा, अर्थिंग नसेल तर तो कॅबिनेटच्या पत्र्यावर थांबतो. जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकामागं वायरच नसते. आधी वायरमन बोलवा, पार्ट नंतर.

बाकीच्या चुका पटापट.

सॉकेट (प्रोसेसर बसतो ती जागा) एकच म्हणून प्रोसेसर चालेलच असं नाही. इंटेलच्या सहाव्या पिढीच्या एच११० बोर्डावर आठव्या पिढीचा आय-३ चालत नाही, दोन्हींचं सॉकेट ११५१ असलं तरी.

एम.२ स्लॉट (पट्टीसारखी एसएसडी डिस्क बसते तो) दिसला म्हणून वेगवान एनव्हीएमई डिस्क घेऊ नका. काही बोर्डांवर तिथं फक्त साटा या जुन्या पद्धतीची डिस्क चालते.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून इंटेलच्या चौथ्या पिढीच्या मशीनमध्ये रॅम भरून ११ ची वाट बघू नका. अडचण रॅमची नाही, प्रोसेसरची आहे.

ऑफिसातनं निघालेला ब्रँडेड डेस्कटॉप घेताय? त्यातल्या बऱ्याच बोर्डांना बाजारातला साधा २४ पिनांचा एसएमपीएस लागत नाही.

प्रोसेसरवर लावायची थर्मल पेस्ट वाटाण्याएवढी. डोशावर चटणी फासल्यासारखी नाही.

आणि तारीख रोज मागं जात असेल, प्रत्येक वेबसाइट 'सुरक्षित नाही' म्हणत असेल, तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला. ३ व्होल्टचा, नाण्याएवढा. एका गृहस्थांनी त्यासाठी हुबळीहून नवा मदरबोर्ड आणला आणि जुना माझ्याकडं भंगारात टाकून गेले. माझी बिलं सध्या त्याच बोर्डावर निघतात.