लूप चालू असताना लिस्टमधून आयटम काढताय? आधी हे बघा

जावात फॉर-ईच लूपमधे लिस्ट.रिमूव्ह केलं की बहुतेक वेळा कन्करंट मॉडिफिकेशन एक्सेप्शन येतं, आणि नाव बघून (कन्करंट म्हणजे एकाच वेळी चालणारं) लोक थ्रेड, म्हणजे प्रोग्राममधे समांतर चालणारी कामं, शोधत बसतात (मीपण बसलोय, अख्खी दुपार गेली), पण एकाच थ्रेडमधेही हे येतं. अ‍ॅरेलिस्ट आत एक मॉडकाउंट ठेवते, आयटम टाकला-काढला की तो वाढतो, आणि इटरेटर (फॉर-ईचच्या आत लिस्टवर एकेक करून फिरणारा) सुरुवातीला त्याची नोंद करून ठेवतो. पुढचा आयटम मागितल्यावर आकडा जुळला नाही की लगेच बोंब.

गंमत म्हणजे शेवटून दुसरा आयटम काढलात तर एररच येत नाही, साइझ एकने कमी झाल्यामुळे लूपला वाटतं संपलं, आणि शेवटचा आयटम गुपचूप राहून जातो. म्हणून ट्राय-कॅच लावून (एरर पकडून) गप्प बसणं हा उपाय नाहीच.

सरळ उपाय: जावा ८ पासून रिमूव्हइफ आहे, अट द्या, झालं. जुना कोड असेल तर इटरेटर हातात घ्या आणि त्याचंच रिमूव्ह वापरा, लिस्टचं नको.

पायथनमधे डिक्शनरीवर (की-व्हॅल्यू जोड्यांचा साठा) फिरताना तिच्यात एखादी 'की' वाढवली-काढली तर रनटाइम एरर येतो, तिथे आधी लिस्ट(डिक्शनरी) करून त्या कॉपीवर फिरा. पायथनची लिस्ट मात्र जास्त डेंजर, ती ओरडतच नाही. [२, ४, ५] मधून सम आकडे काढून बघा: २ गेला, ४ सरकून त्याच्या जागी आला, लूप पुढे ५ वर, आणि हातात उरतं [४, ५]. तिथे मी हवे तेवढे आयटम घेऊन नवीन लिस्टच बनवतो.