सुकतीला खारफुटी कशी बघायची (चप्पल न गमावता)

पहिल्यांदा गोव्यात, मांडवी नदीतल्या चोडण बेटावर खारफुटी बघायला गेलो तो ऐन भरतीला, रायबंदरहून फेरी पकडली, पलीकडे उतरलो आणि बघतो तर पाण्यातून वर आलेले नुसते हिरवे शेंडे, ना मुळं ना कुर्ल्या (खेकडे). पुढच्या खेपेला सुकती, म्हणजे ओहोटी, बघून गेलो तर उत्साहात बांधावरून खाली उतरलो आणि गुडघ्यापर्यंत रुतलो. पाय कसाबसा निघाला, चप्पल अजून तिथेच आहे.

म्हणून आधी वेळ. मोबाईलवर मुरगाव बंदराचं भरती-ओहोटीचं टाइमटेबल मिळतं ते बघा. ओहोटी दिवसातून साधारण दोनदा येते आणि रोज अंदाजे ५० मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे गेल्या रविवारची वेळ या रविवारी चालत नाही. शिवाय नदीत आत पाणी मुरगावपेक्षा जरा उशिरा हलतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी खूप आत ओढतं, अष्टमीला भांग, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो, तेव्हा कमी. सगळ्यात कमी पाण्याच्या तासभर आधी पोचायचं.

जागा म्हणजे चोडणचं सलीम अली पक्षी अभयारण्य, १९८८ सालचं, धक्क्यापासून जवळच. नाहीतर पणजी-रायबंदर रस्ता, पोर्तुगीजांनी १६३० च्या दशकात बांधलेला, त्याच्या कडेलाही खारफुटी आहे, फक्त स्कूटर लांब लावून चालत जा. कुठेही गेलात तरी बांधावरूनच बघायचं, खाली उतरायचं नाही. कुंभारजुव्याच्या कालव्याकडे जाणार असाल तर पाण्याच्या अगदी कडेला अजिबात बसू नका, तिथे मगरी आहेत. मगर खरं तर गोड्या पाण्यातली, पण इथे मचूळ पाण्यात मजेत राहते.

आता बघायचं काय? बरेच जण झाडांच्या नावांची लिस्ट घेऊन जातात आणि टिक करत सुटतात, मला ते पटत नाही. त्यापेक्षा तीन अडचणी डोक्यात ठेवा, की पाणी खारट, चिखलात हवा नाही, आणि जमीन पायाखाली टिकत नाही. मग प्रत्येक झाडाकडे बघून विचारा, बाबा तू यावर काय केलंस?

हवेची अडचण स्वतः बघता येते. एक लांब काठी घ्या, बांधावरून चिखलात खुपसा आणि बाहेर काढा. वरचा पातळ थर तपकिरी, त्याखाली काळाकुट्ट, आणि सडक्या अंड्याचा वास. तो वास गटाराचा असं लोक म्हणतात, पण खाली ऑक्सिजन नसला की तिथले जीवाणू पाण्यातल्या सल्फेटवर भागवतात आणि त्यातून हा गॅस सुटतो. अशा ठिकाणी मुळांनी श्वास कसा घ्यायचा? तिवर या खारफुटीतल्या झाडाच्या बुंध्याभोवती चिखलातून पेन्सिली उभ्या केल्यासारखी शेकडो मुळं दिसतील, ती त्यासाठीच. त्यांच्यावर बारीक छिद्रं असतात. भरतीत मुळं बुडाली की आतला ऑक्सिजन वापरला जातो, आतला दाब कमी होतो, आणि पाणी ओसरलं की बाहेरची हवा आपोआप आत ओढली जाते. चिपी या दुसऱ्या झाडाची अशीच मुळं जाड, बुडाशी रुंद असतात. आणि या मुळांवर प्लॅस्टिकची पिशवी अडकलेली दिसली (दिसतेच), तर ती म्हणजे झाडाच्या नाकावर ठेवलेला हात, काठीने ओढता आली तर ओढा.

मिठासाठी तिवराचं पान. मार्च ते मे, पाऊस नसताना, दुपारी. भरतीचं पाणी पोचत नाही एवढ्या उंचावरचं पान निवडा, नाहीतर मीठ नदीचं की पानाचं ते कळणार नाही. पान तोडायचं नाही, खारफुटीला कायद्याचं संरक्षण आहे. बोट स्वच्छ पुसा, पानावर फिरवा, जिभेला लावा. खारट! पानावरच्या ग्रंथी मीठ बाहेर टाकतात, उन्हात कधी कधी त्याचे कण चमकताना दिसतात. पण पान तिवराचंच आहे याची खात्री करूनच, कारण खारफुटीत दुधाळ चिकाचं एक झाड असतं, त्याचा चीक डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. ज्याचं नाव माहीत नाही त्याला हात नको.

कांदळ या तिसऱ्या झाडाचं तंत्र वेगळं, तो बहुतेक मीठ मुळांमध्येच गाळून बाहेर ठेवतो. जुनं पिवळं पान झाड मीठ फेकायलाच टाकतं असं गाइड लोक ठासून सांगतात, ते तितकं पक्कं नाहीये, सोडून द्या. कांदळाची बघायची गोष्ट म्हणजे तंबूच्या काठ्यांसारखी चारी बाजूंनी टेकलेली मुळं, आणि शेवग्याच्या शेंगेसारखं लटकणारं ते हिरवं लांबडं. ती शेंग नाहीच, ते रोप आहे! बी झाडावरच रुजतं, मोठं होतं, मग खाली पडतं, सुकती असेल तर कधी तिथेच चिखलात उभं राहतं, नाहीतर तरंगत जाऊन दुसरीकडे मूळ धरतं.

आता शेवटचं आणि सगळ्यात अवघड, गप्प बसणं. तुम्ही पोचलात की चिखल रिकामा दिसतो कारण सगळे बिळात पळालेत. दहा मिनिटं न हलता बसा, फोन खिशात. आधी छोट्या कुर्ल्या येतात, नराची एक नांगी अंगापेक्षा मोठी, ती हलवून मादीला बोलावणं चालू, आणि जेवण मात्र दुसऱ्या बारक्या नांगीनेच. मग निवटी, म्हणजे चिखलावर कल्ल्याजवळच्या परांनी सरकणारा मासा. ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून तो हवेतला ऑक्सिजन घेतो, म्हणून मध्येच चिखलात लोळून अंग ओलं करतो, आणि टपोरे डोळे खोबणीत ओढून भिजवून परत वर काढतो. हे एकदा दिसलं की घरी जावंसं वाटत नाही.

घड्याळ बघायची गरज नाही. कुर्ल्या चिखलाचा गोळा घेऊन बिळाचं तोंड लिंपायला लागल्या की भरती जवळ आली समजा, काठी उचला आणि फेरी गाठा.