स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनआधी हाताशी काय काय हवं

सगळ्यात आधी सुईच्या बायोप्सीचा रिपोर्ट. 'गाठ काढून टाकू, तपासणी मागाहून करू' असं कोणी म्हटलं तर तिथेच थांबा. किती भाग काढायचा, काखेतल्या गाठींचं काय करायचं, केमो आधी की नंतर, हे सगळं या रिपोर्टवर ठरतं. तो नसताना गाठ अर्धवट निघाली, तर बाईला दुसऱ्यांदा टेबलावर झोपावं लागतं. रिपोर्टवर ईआर, पीआर (गाठ हार्मोनवर वाढते का ते) आणि हर-टू (गाठ वाढवणारं एक प्रथिन) हे तिन्ही निकाल बघा. हर-टूपुढे 2+ असेल तर निकाल अजून लागलेला नाही, फिश ही जनुकाची तपासणी करावी लागते.

ऑपरेशनमध्ये काढलेला भाग तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये (भाग टिकवणाऱ्या द्रवात) जाईल ना, हे सर्जनना आधीच विचारा. विचारायला संकोच नको. सलाइनमध्ये ठेवलेला किंवा लहानशा बाटलीत कोंबलेला भाग आतून खराब होतो, ईआर असूनही निगेटिव्ह दिसू शकतो, आणि मग हार्मोनच्या गोळ्या हुकतात. काढलेल्या भागाचे मेणाचे ब्लॉक आणि तपासणीच्या काचा मागून घ्या. दुसरं मत घेताना नुसता कागद पुरत नाही.

आणखी एक विचारा. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी भारतातल्या 1600 बायकांवर केलेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गाठ काढण्याआधी 7 ते 10 मिनिटं तिच्याभोवती लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध टोचलं होतं. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण, न टोचलेल्यांच्या तुलनेत, 86.4 वरून 90.1 टक्क्यांवर गेलं. औषध स्वस्त आहे आणि कुठल्याही थिएटरात असतं.

महात्मा फुले योजनेतून उपचार घ्यायचे असतील तर मंजुरी आधी लागते. आधारवर सासरचं नाव आणि रिपोर्टवर माहेरचं, इथे बरीच प्रकरणं अडकतात. नाव पहिल्या दिवसापासून एकच लावा.

रक्त पातळ करणाऱ्या आणि साखरेच्या गोळ्यांची यादी भूलतज्ज्ञांना दाखवा; कुठली कधी थांबवायची ते तेच सांगतील. जेवण सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. दुधाचा चहा जेवणातच धरा. अंगठ्या, बांगड्या, नेलपॉलिश घरीच काढा. काखेतल्या गाठी काढल्यावर हात सुजू शकतो, म्हणून दोन्ही हातांचा घेर कोपराच्या 10 सेंमी वर आणि 10 सेंमी खाली मोजून लिहून ठेवा. पुढे 2 सेंमीचा फरक पडला तर सूज सुरू झाली आहे, लगेच दाखवा.

घरी पुढून उघडणारे सैल गाऊन, मापाचा ग्लास आणि एक वही ठेवा. ड्रेनची (जखमेतलं पाणी ओढून घेणाऱ्या नळीची) बाटली दाबलेलीच राहिली पाहिजे. फुगली म्हणजे ओढ गेली. नळीत गुठळी दिसली तर एका हाताने नळी त्वचेजवळ घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीने खाली बाटलीकडे निपटत आणा. किती पाणी आलं ते रोज ठरलेल्या वेळी लिहा. साधारणपणे सलग दोन दिवस 24 तासांत 30 मिलीपेक्षा कमी आलं की नळी काढतात. घाई केली तर काखेत पाणी साठतं.

हार्मोनची गोळी टॅमॉक्सिफेन दिली असेल तर रोज 20 मिग्रॅ, किमान पाच वर्षं. नैराश्यासाठी पॅरॉक्सेटीन किंवा फ्लुऑक्सेटीन चालू असेल तर सांगा, त्यांनी तिचा असर घटतो. पाळी गेल्यावर रक्त दिसलं तर दाखवा. हर-टूवरचं ट्रॅस्टुझुमॅब असेल तर इंजेक्शन सुरू होण्याआधी आणि नंतर साधारण दर तीन महिन्यांनी हृदयाची इको. केमो चालू असताना थर्मामीटर उशाशी हवा. 100.4 फॅरनहाइट दिसलं, तर पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट बघू नका, रात्रीच हॉस्पिटल गाठा.