अर्काने फिट थांबते असं वाचलंत, तर आधी काय तपासाल

औषधशास्त्राच्या प्रयोगशाळेत उंदरांना मुद्दाम झटके आणायचे आणि अर्क दिल्यावर ते थांबतात का ते बघायचं, हे काम मी केलेलं आहे. त्यामुळे 'अमुक पानांच्या अर्काने अपस्मार (म्हणजे फिट येण्याचा आजार) बरा' असं कुणी वाचलं की प्रश्न माझ्याकडे येतो. मी मूळ शोधनिबंध उघडायला लावते आणि निष्कर्ष सोडून थेट 'पद्धती' वाचायला सांगते.

प्रयोग माणसांवर झालाय का? बहुतेक वेळा नाही. मग चाचणी कोणती ते शोधा. दोन नावं सारखी भेटतील. 'एमईएस'मध्ये विजेचा धक्का देतात आणि उंदराचे मागचे पाय ताठ होतात का ते बघतात. 'पीटीझेड'मध्ये त्याच नावाचं रसायन टोचून झटके आणतात. दोन्हीकडे उंदीर धडधाकट असतो, झटका आपण आणलेला असतो. अपस्मारात झटके बाहेरच्या कारणाशिवाय पुन्हा पुन्हा येतात. तेव्हा इथे 'झटका अडला' एवढंच म्हणता येतं, 'आजार बरा झाला' असं नाही. उलटही घडतं बरं का: लेव्हेटिरासिटाम हे अपस्मारावर आज सर्रास दिलं जाणारं औषध या दोन्ही नेहमीच्या चाचण्यांत जवळपास नापास झालं होतं.

यानंतर 'रोटारॉड' हा शब्द शोधा. फिरत्या दांड्यावर उंदीर तोल सांभाळतो का, ते त्यात कळतं. हे मी फार मनावर घेते, कारण प्राण्याला गुंगी आणणारा किंवा त्याचे स्नायू ढिले पाडणारा अर्कही तक्त्यात 'गुणकारी' दिसू शकतो. तुलनेला डायझेपाम किंवा फेनिटॉइन यांसारखं झटक्यांवरचं माहितीतलं औषध दिलेला गट आहे ना, तेही बघा.

डोसाचं गणित स्वतः करा. उंदरांच्या मोठ्या जातीला, म्हणजे रॅटला, किलोमागे ४०० मिलिग्रॅम दिलं असेल तर माणसासाठी ढोबळमानाने ६.२ ने भागतात; छोट्या उंदराच्या आकड्याला १२.३ ने. पहिल्या हिशेबाने ६० किलोच्या माणसाला जवळजवळ ३.९ ग्रॅम सुका अर्क लागेल. अर्क हं, पानं नव्हेत. शंभर ग्रॅम पानांतून दहा ग्रॅम अर्क निघत असेल, तर एका वेळेला ३९ ग्रॅम सुकी पानं! शिवाय तो पाण्यात काढलाय की अल्कोहोलमध्ये, तोंडाने दिलाय की पोटात टोचलाय, यावर सगळं बदलतं. घरच्या काढ्यात तेच घटक उतरतील असं धरून चालू नका.

पण मला खरी धास्ती वाटते ती चालू गोळ्यांसोबत अर्क घेण्याची. शंखपुष्पीच्या एका आयुर्वेदिक तयार औषधासोबत फेनिटॉइन घेणाऱ्या रुग्णांत झटके पुन्हा सुरू झाले. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, उंदरांना ते वारंवार दिल्यावर फेनिटॉइनची रक्तातली पातळी घटल्याचं दिसलं. काळ्या मिरीतलं पायपरिन उलट फेनिटॉइनची पातळी वाढवतं. काही वनस्पती तर स्वतःच झटके आणतात: कापूर, निलगिरीचं तेल, कुचल्यातलं स्ट्रिक्नीन.

वनस्पतीतून औषध होऊच शकत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. भांगेच्या झाडातलं कॅनाबिडिऑल शुद्ध करून, ठरलेल्या मात्रेत, माणसांवरच्या चाचण्यांतून तपासलं गेलं आणि अमेरिकेत २०१८ मध्ये ड्राव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टो या लहानपणीच सुरू होणाऱ्या दोन अवघड प्रकारांसाठी मंजूर झालं. तेही अपस्माराच्या इतर गोळ्यांपैकी क्लोबाझामसोबत झोप वाढवतं आणि व्हॅल्प्रोएटसोबत यकृताची एन्झाइम्स चढवू शकतं, म्हणून रक्ततपासण्या कराव्या लागतात. बाजारात कॅनाबिडिऑलचं तेल म्हणून मिळणाऱ्या बाटलीला हे काहीच लागू होत नाही.

तरीही अर्क घ्यायचाच असेल, तर बाटली किंवा पुडी घेऊन न्यूरॉलॉजिस्टकडे जा, वनस्पतीचं नाव आणि मात्रा दाखवा, गोळीची रक्तातली पातळी तपासायची का ते विचारा. झटक्यांची तारीख, वेळ आणि किती मिनिटं टिकला, याची वही ठेवा. चालू गोळी स्वतःहून कमी करू नका. अचानक बंद केली तर झटक्यामागून झटका येऊ शकतो. पाच मिनिटांत झटका थांबला नाही, तर रुग्णवाहिका बोलवा. त्या वेळी तोंडात ना काढा घालायचा, ना पाणी, ना चमचा.