एचआयव्हीवर गोष्ट लिहून गावात कशी वाचायची

एचआयव्हीवर गोष्ट लिहा म्हटलं की बहुतेकजण एकच गोष्ट लिहितात. ट्रकवर जाणारा नवरा, घरी सोशिक बायको, नवऱ्याचं काहीतरी 'बाहेरचं', मग खाट, खोकला आणि शेवटी मरण. १ डिसेंबर, म्हणजे जागतिक एड्स दिन, जवळ आला की शाळा-कॉलेजांत अशा गोष्टींचे गठ्ठे जमतात. त्या गावात वाचल्या की लोक हळहळतात, आणि ज्या घराबद्दल गावात कुजबुज असते त्या घरचं पाणी दुसऱ्या दिवसापासून आणखीच टाळतात. म्हणून अशी गोष्ट लिहिणाऱ्यांना आणि वाचणाऱ्यांना माझं जरा कडक सांगणं आहे. यवतमाळ-वर्ध्याकडच्या गावांत बचत गटाच्या बैठकीत, वाचनालयात, संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर सभामंडपात मी या गोष्टी वाचत आले आहे.

माहिती आजची घ्या

हात मिळवल्याने, एका ताटात जेवल्याने, डास चावल्याने एचआयव्ही होत नाही, हे गावात पोरासोरांनाही पाठ आहे. ते गोष्टीत पुन्हा घोकवू नका. लोकांना माहीत नसतं ते पुढचं. २०१७ पासून आपल्याकडे सीडी४ (रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) कितीही असो, निदान झालं की उपचार सुरू होतात. सरकारी एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रावर, औषध फुकट मिळतं आणि बहुतेकांना रोज एकच गोळी असते, तीन औषधं एकत्र केलेली. गोळी न चुकवता घेतली तर साधारण सहा महिन्यांत रक्तातला विषाणू इतका कमी होतो की तपासणीत सापडत नाही, आणि तो तसाच दबलेला राहिला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. उपचार नसले तर आईकडून बाळाला लागण होण्याचा धोका १५ ते ४५ टक्के असतो, उपचारांनी तो ५ टक्क्यांच्या खाली येतो. यातली एखादीच गोष्ट कथेत घ्या. सगळं कोंबलंत तर कथेचा सरकारी फलक होतो.

एक कृती धरा

आजार नव्हे, एक कृती धरून लिहा. माझ्या सगळ्यात जास्त वाचलेल्या गोष्टीत रोडग्यांचा, म्हणजे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचा, स्वयंपाक आहे. वावरात गोवऱ्या पेटलेल्या, वांग्यांची भाजी गंजात (पातेल्यात) रटरटते आहे, बाया कणीक मळायला बसल्या आहेत. त्यात एचआयव्ही असलेली ती येते, बांगड्या मागे सारते आणि परातीला हात लावते. शेजारची बाई काही न बोलता परात स्वतःकडे ओढून घेते. "राहू दे वो, तू थकली असशीन." बस. ऐकणारी प्रत्येक बाई त्या परातीच्या दोन्ही बाजूंना कधी ना कधी बसलेली असते, विधवा म्हणून, जातीने, नाहीतर बाळ नसलं म्हणून. तिला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

"तिले झाला कसा?"

हा सगळ्यात अवघड टप्पा. मी इथे फार काळ अडकले होते, आणि चांगले लिहिणारेही इथेच घसरतात. कथेत एचआयव्ही आला की लिहिणाऱ्याला वाटतं, तो कुठून आला ते सांगितलंच पाहिजे. ऐकणारेही तेच विचारतात: "कोनाचं लागलं तिले?"

सांगू नका. कथेत अजिबात सांगू नका.

नवरा बाहेरख्याली होता असं लिहिलंत की बाया तिच्यासाठी रडतात, पण नवऱ्याच्या वाट्याला 'केलं तसं भरलं' एवढंच येतं. गावात असे पुरुष आहेत, ते त्याच सभामंडपात मागे भिंतीला टेकून ऐकत असतात, आणि गोष्ट संपल्यावर ते तपासणीला जात नाहीत. दुसरी पळवाट जास्त सभ्य दिसते. बाळंतपणात रक्त चढवलं, त्यातून झालं, बिचारीचा काही दोष नाही. कार्यकर्ते मला हीच वाट कळकळीने सुचवतात. माझा तिला ठाम विरोध आहे. एकीला निर्दोष ठरवलं की बाकी सगळे आपोआप दोषी ठरतात. ज्या पोरीला नवऱ्याकडून लागण झाली तिला निदान कीव मिळते, जी धंदा करते तिला तेवढीही मिळत नाही. परात मात्र दोघींसमोरूनही ओढली जाते.

मग करायचं काय? गोष्ट उशिरा सुरू करा. निदानाचा दिवस, रडारड, डॉक्टरांचा गंभीर चेहरा हे सगळं मागे सोडा. तिच्या गोळ्या सुरू होऊन चार-पाच वर्षं झाली आहेत, ती वेचणीला जाते, पोरगी आठवीत आहे, तिथून पहिलं वाक्य येऊ द्या. 'कसा झाला' हा प्रश्न कथेत एखाद्या पात्राला विचारू द्या, आणि उत्तर यायच्या आत काम पुढे सरकू द्या: रोडगे राखेतून काढायची वेळ झाली, पंगत बसली, कोणीतरी वरण मागितलं. प्रश्न तसाच राहतो आणि ऐकणाऱ्याला बोचतो. तो बोचायलाच हवा.

वाचून झालं की कोणीतरी उठून विचारेलच. तेव्हा मी एवढंच म्हणते, "समजा मी सांगितलं, मंग तुम्ही काय येगळं करसान?" आणि थांबते. इथे बोलत सुटू नका. शांतता लांबली तरी चालेल. बहुतेक वेळा उत्तर मागच्या ओळीतून येतं, एखाद्या म्हाताऱ्या बाईकडून: कसाही झाला असला तरी परात ओढाले नोको होती.

यावर हमखास आक्षेप येतो की मग जनजागृती कुठे झाली, आजार पसरतो कसा हे कोण सांगणार? ते सांगायचंच, आणि स्पष्ट सांगायचं, पण कथेच्या बाहेर. निरोधाशिवायचे शरीरसंबंध, संसर्ग असलेलं रक्त किंवा सुई, आणि आईकडून बाळाला. गोष्टीनंतर आशाताई किंवा समुपदेशक पाच मिनिटांत हे सांगते आणि निरोध कसा वापरायचा तेही दाखवते. तिथे एकाही पात्राचं नाव नसतं, म्हणून कुणाचा न्यायनिवाडाही होत नाही.

गावातलं कोणीही ओळखू येता कामा नये

नुसतं नाव बदलून भागत नाही. धंदा, लेकरांची संख्या, घर कोणत्या बाजूला, सगळं बदला. ऐकलेल्या खऱ्या प्रसंगावरून लिहूच नका. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, आणि एखाद्याचा आजार त्याच्या संमतीशिवाय उघड करायला त्यात मनाई आहे. कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं, कारण एका अंदाजावर गावातलं एक घर वाळीत पडू शकतं. उत्तम उपाय म्हणजे गोष्ट आजारी बाईची न लिहिता परात ओढणारीची लिहा. तिच्या मनात काय चाललं आहे, घरी गेल्यावर तिने सासूला काय सांगितलं, ते लिहा. मग गाव आजारी माणूस शोधत बसत नाही.

निवेदन साध्या मराठीत ठेवा, संवाद वऱ्हाडीत. शेवटी कुणालाही मारू नका. आणि एचआयव्ही म्हणजे एड्स नव्हे, उपचार न घेता आजार बळावला तर एड्सची अवस्था येते, एवढा फरक पाळा.

वाचन

दहा-बारा मिनिटांच्या वर जाऊ नका. सोयाबीनच्या सोंगणीत आणि कापसाच्या वेचणीत गावात कोणी मोकळं नसतं, ते दिवस टाळा. रात्री जेवणं आटोपल्यावर बसा. ध्वनिक्षेपक नको, आवाज वाड्याबाहेर जायची गरज नाही. हात वर करायला लावू नका. आणि परिणामकारक वाटतं म्हणून एखाद्या खऱ्या रुग्णाला समोर उभं करू नका, तो हो म्हणाला तरी. कार्यक्रम आटोपून तुम्ही परत जाता, त्याला त्याच गावात राहायचं असतं.

निघण्याआधी १०९७ हा एचआयव्हीच्या माहितीसाठीचा, फुकट लागणारा नंबर आणि जवळच्या ग्रामीण रुग्णालयातल्या आयसीटीसीची (एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशन केंद्राची) वेळ दोनदा मोठ्याने सांगा. तिथे तपासणी फुकट होते आणि गुप्त राहते. वेळ आदल्या दिवशी स्वतः विचारून घ्या. चपला घालताना, गाडीपाशी कोणीतरी हळूच येईल. ती 'माझ्या बहिणीसाठी' म्हणून विचारेल. बहीण कोण, हे विचारू नका. तपासणी कुठे होते, कोणत्या वारी जायचं आणि खिडकीवर काय सांगायचं, एवढं सांगा. ती सोबत या म्हणाली तरच जा, आणि गावाच्या स्टॉपवर न भेटता रुग्णालयाच्या फाटकाशी भेटा.